उंबरठ्याच्या आतली बाजू

न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोवीनला, सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. त्याच्या तासभर आधीच गल्लीत पहिली टोळकी दिसू लागतात. आधी आईबापांचं बोट धरून चालणारी चिमुरडी, अंगात मधमाशीचा नाहीतर भोपळ्याचा झगा, हातात खाऊची बादली. मोठी मुलं अंधार पडल्यावर, मुखवटे चढवून, आठ-साडेआठपर्यंत. दार वाजतं, उघडतं, मुलं एका सुरात ओरडतात, बादलीत चॉकलेटं पडतात, टोळकं पुढच्या घराकडे पळतं. मिनिटाभरात पुन्हा बेल.

कोकणातल्या माणसाला हे सगळं अगदीच परकं वाटणार नाही. शिमग्यात सोंगं दारोदार येतातच. काळ्या पोशाखातला, उंच टोकदार टोपीचा संकासुर अंगणात नाचायला लागला की पोरं आईच्या पदराआड लपतात आणि कुत्री जीव तोडून भुंकतात. पण तिथला कुत्रा अंगणात मोकळा असतो, त्याला परसातून निसटून माडांच्या बागेत जाता येतं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या टाउनहाउसच्या हॉलमध्ये असलेल्या कुत्र्याला जायला जागा नसते. जी एक वाट आहे, तीच दर मिनिटाला उघडते आणि तिच्यातच सोंगं उभी असतात.

या रात्रीकडे कुत्र्याच्या बाजूने पाहायचं तर बेलपासून सुरुवात करावी लागते. वर्षभर त्याच्या डोक्यात बेलचं एक ठरलेलं गणित असतं. बेल वाजली की एकतर कुणी आत येतं, चपला काढतं, हुंगू देतं. नाहीतर पार्सलवाला खोकं ठेवून निघून जातो, आणि कुत्र्याला वाटतं आपण भुंकलो म्हणून तो गेला. हॅलोवीनच्या रात्री यातलं काहीच लागू पडत नाही. दार उघडतं, पण आत कुणी येत नाही. माणसांच्या आकाराला डोकं भलत्याच प्राण्याचं असतं, चाल बदललेली असते, अंगाला नव्या प्लॅस्टिकचा वास असतो. भुंकल्यावर ती जातात खरी, पण लगेच दुसरी येतात. एखादं दचकणं शरीर पचवतं. धडधड वाढते, थोड्या वेळाने उतरते. इथे उतरायला उसंतच मिळत नाही, एकावर एक ताण चढत जातो, आणि सात वाजता जो कुत्रा फक्त भुंकत होता तो आठ वाजता चावू शकतो. ‘आमचा कधीच असं करत नाही’ हे वाक्य अशाच वेळी ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. त्याच्यावर अशी संध्याकाळ याआधी आलेलीच नसते.

म्हणून माझ्या मते या रात्रीचा सगळ्यात उपयोगी उपाय औषधांच्या दुकानात मिळत नाही. घडीची खुर्ची आणि खाऊचं पातेलं घेऊन घरातल्या एका माणसाने बाहेर ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरापुढच्या गाडीवाटेच्या, तोंडाशी जाऊन बसावं. मुलं तिथूनच खाऊ घेतात, दारापर्यंत कुणी येत नाही, बेल वाजत नाही, दार उघडत नाही. थंडी असते, म्हणून शाल आणि चहाचा थर्मास बरोबर ठेवावा. ते जमणार नसेल तर निदान बेल बंद करावी. कॅमेऱ्याच्या बेलचा घरातला आवाज फोनवरच्या अ‍ॅपमधून बंद होतो, पण घरात वेगळं चाइमचं, म्हणजे घंटा वाजवणारं, यंत्र बसवलेलं असेल तर तेही बंद करावं लागतं. अ‍ॅपमध्ये फक्त फोनची सूचना बंद केली आणि भिंतीवरचा चाइम वाजतच राहिला, ही चूक नेहमीची. जुन्या तारेच्या बेलचं बटण जाड पुठ्ठ्याने झाकावं आणि वर ठळक अक्षरांत लिहावं, ‘बेल वाजवू नका, खाऊ इथे पातेल्यात आहे’. पातेलं पायरीवर.

दार उघडावंच लागणार असेल, तर प्राणी आणि रस्ता यांच्यामध्ये कायम दोन अडथळे हवेत. एक अडथळा कधीतरी उघडा राहतोच. लहान मुलांसाठीचं फाटक साधारण पाऊण मीटर उंच असतं. मध्यम उंचीचा घाबरलेला कुत्रा ते सहज ओलांडतो आणि मांजराला तर ते फाटक वाटतच नाही. त्यामुळे फाटकाच्या मागे एक बंद खोली हवीच.

ती खोली कोणती, याचा विचार आठवडाभर आधी करावा. पुढच्या दारापासून शक्य तेवढी लांब, रस्त्याकडे खिडकी नसलेली, आणि पाहुणे जिथे कोट ठेवतात किंवा ज्या खोलीतून बाथरूमला जातात ती नसलेली. घरी त्या दिवशी लोक येणार असतील तर शेवटची अट फार महत्त्वाची. प्राणी निसटतात ते बहुतेकदा पुढच्या दाराच्या गडबडीत, पण त्याआधी आतल्या खोलीचं दार उघडलेलं असतं एखाद्या पाहुण्या मुलाने, बाथरूम शोधताना. दाराला आतून किंवा बाहेरून कडी असावी आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ‘दार उघडू नका’ असा कागद चिकटवलेला असावा.

खोलीत त्याचं रोजचं अंथरूण, न धुतलेलं. धुतलं की त्याचा स्वतःचा वास जातो. पाण्याचं भांडं, मांजर असेल तर वाळूचा ट्रे आणि त्यापासून दूर दुसऱ्या कोपऱ्यात जेवण. पडदे ओढलेले. टेबलफॅन किंवा एकसुरी आवाजाचं यंत्र दाराच्या बाजूला ठेवावं, प्राण्याच्या कानाशी नको. बाहेरचे आवाज जिथून येतात तिथेच ते बुजवायचे असतात. दिवा मंद. कुत्र्याला क्रेटची, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्याची, सवय असेल तर क्रेट तीन बाजूंनी चादरीने झाकून, दार उघडं ठेवून. सवय नसेल तर त्या रात्री क्रेट आणूच नये. घाबरलेला कुत्रा बंद क्रेटच्या जाळीत नखं आणि दात तोडून घेतो.

बिघडतं ते इथे: लोक संध्याकाळी पाच वाजता, पहिली बेल वाजल्यावर, कुत्र्याला उचलून या खोलीत कोंडतात. मग त्याच्या दृष्टीने खोली हीच शिक्षा होते आणि तो दार ओरबाडत बसतो. खोलीची ओळख आधी व्हायला हवी. २४ तारखेपासून रोज त्याला तिथे जेवायला घालावं. दोन-तीन दिवस दार उघडं, मग पाच मिनिटं बंद, मग वीस, मग फॅन लावून तासभर. ३१ तारखेला दुपारी साडेतीनच्या सुमाराला लांब चक्कर मारून आणावी, नेहमीपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त. साडेचारला जेवण, त्यानंतर लघवीला एकदा पट्ट्यावर नेऊन, पाचच्या आत खोलीत. अंगण कुंपणाचं असलं तरी त्या संध्याकाळी मोकळं सोडू नये, फाटक कुणीही उघडं टाकतं.

आत कंटाळू नये म्हणून चाटायला काहीतरी हवं. पोकळ रबरी खेळण्यात शिजवलेला लाल भोपळा, साधं दही आणि त्याचंच कोरडं खाणं मिसळून भरावं आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावं. गोठलेलं खेळणं बऱ्याच कुत्र्यांना अर्धा तास पुरतं, म्हणून दोन-तीन तयार ठेवावीत. चाटणं आणि चघळणं कुत्र्याला शांत करतं. पीनट बटर भरणार असाल तर डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय नको. का ते पुढे येईल.

मांजरांच्या बाबतीत काम वेगळं आणि थोडं. तिला लपायला हवं असतं, तेवढं द्यावं: उलटा केलेला पुठ्ठ्याचा खोका, कपाटाचा वरचा कप्पा. कॉटखाली बसली असेल तर तिथेच राहू द्यावं. ‘बघ, काही नाही’ म्हणत तिला ओढून काढणं म्हणजे तिची एकमेव सुरक्षित जागा हिरावणं. बाहेर फिरणारी मांजर असेल तर ३० तारखेच्या संध्याकाळीच आत घ्यावी, ऐन दिवशी ती हाकेला येईलच असं नाही.

आणि कुरवाळावं का? घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर त्याची भीती वाढते, त्याला भ्यायची सवय लागते, असं अनेक घरांत अजून सांगितलं जातं. ते चूक आहे. भीती ही युक्ती नव्हे की बक्षीस मिळाल्यावर ती परत करून दाखवावी. तो अंगाशी आला तर जवळ घ्यावं, हळू बोलावं, हात सावकाश फिरवावा. तो कोपऱ्यात गेला तर कोपऱ्यात राहू द्यावं. घरात दोन मोठी माणसं असतील तर एकाने ती संध्याकाळ त्याच खोलीत पुस्तक वाचत काढावी, याहून चांगलं काय.

ज्यांच्या हाताशी वेळ आहे त्यांनी बेलचं शिक्षण सप्टेंबरातच सुरू करावं. आपल्याच बेलचा आवाज फोनवर टिपून घ्यावा. तो इतका बारीक लावावा की कुत्र्याचा फक्त कान हलेल. आवाज, आणि सेकंदाच्या आत उकडलेल्या कोंबडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. पुन्हा आवाज, पुन्हा तुकडा. आठ-दहा वेळा, दोन-तीन मिनिटं, मग बंद. चार दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. क्रम मात्र चुकू द्यायचा नाही. तुकडा आधी दिसला आणि बेल नंतर वाजली तर कुत्रा उलटंच शिकतो, की कोंबडीचा वास आला म्हणजे आता ती भयानक बेल वाजणार. तो भुंकलाच तर आवाज फार लवकर वाढवला असा त्याचा अर्थ. एक पायरी खाली यावं, रागावू नये.

काही प्राण्यांना एवढ्याने भागत नाही. अंग थरथरतं, लाळ गळते, खाणं तोंडाला लावत नाहीत. अशांसाठी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे खरी औषधं आहेत. ट्रॅझोडोन आणि गाबापेन्टिन ही दोन नावं जास्त ऐकू येतात, आणि हिरड्यांना लावायचं डेक्समेडेटोमिडीनचं जेल कुत्र्यांच्या आवाजाच्या भीतीसाठीच अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालं. यासाठी ऑक्टोबरच्या मध्यालाच भेटीची वेळ घ्यावी, कारण औषधाची एक चाचणी मात्रा आधी एखाद्या शांत दिवशी देऊन पाहावी लागते. काही कुत्रे पेंगण्याऐवजी अस्वस्थ होतात. ते ३१ तारखेला रात्री कळून उपयोग नाही. जुन्या पद्धतीचं गुंगीचं औषध, एसप्रोमेझीन, एकटंच देण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याने शरीर ढिलं पडतं पण भीती तशीच राहते; प्राणी गप्प पडलेला दिसतो आणि आपण निश्चिंत होतो. घरातली माणसांची औषधं तर अजिबात नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फेरोमोनचे, म्हणजे प्राण्यांना शांत करणाऱ्या गंधद्रव्याचे, प्लगमध्ये लावायचे डिफ्यूझर मिळतात, कुत्र्यांचे वेगळे, मांजरांचे वेगळे. फायदा थोडा, अपाय नाही. लावायचे तर निदान एक दिवस आधीपासून, प्राणी असेल त्याच खोलीत, सोफ्यामागे न दडपता.

आता खाऊ. चॉकलेट कुत्र्याला वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं. किती वाईट, ते माहीत नसतं, म्हणून काही लोक एका गोळीने हादरतात आणि काही लोक अख्ख्या पाकिटानंतरही ‘सकाळी बघू’ म्हणतात. कोकोमधलं थिओब्रोमिन हे द्रव्य आपलं शरीर भराभर बाहेर टाकतं. कुत्र्याच्या शरीरात त्याची निम्मी मात्रा उतरायलाच सुमारे साडेसतरा तास लागतात. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम गेलं की उलट्या, तहान, बेचैनी सुरू होते. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. साध्या दुधाळ चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं, गडद चॉकलेटमध्ये ५ च्या आसपास, केकसाठी वापरतात त्या बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये १५ च्या आसपास, कोको पावडरमध्ये त्याहूनही जास्त. दहा किलोच्या कुत्र्याला पहिली लक्षणं दिसायला दुधाळ चॉकलेट १०० ग्रॅम लागेल, म्हणजे हॅलोवीनचे १५ ग्रॅमचे सहा-सात छोटे बार. गडद चॉकलेट ४० ग्रॅमच पुरे. बिनसाखरेचं तेरा-चौदा ग्रॅम. आणि कुत्रा दोन किलोचा चिवावा असेल तर दुधाळ चॉकलेटचा दीड बारही पुरतो. लक्षणं बहुधा सहा ते बारा तासांनी दिसतात, म्हणून ‘खाल्लं, पण ठीक दिसतोय’ या दिलाशावर झोपायला जाऊ नये. कागद गोळा करावेत, मोजावेत, त्यावरचं वजन आणि प्रकार वाचावा. फोनवर डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात. बाकी, कागदासकट खाल्लं असेल तर तो गोळा आतड्यात अडकण्याची वेगळी भीती असते, दोन-तीन दिवस शी आणि भूक यांवर लक्ष ठेवावं लागतं.

चॉकलेटपेक्षा मला बिनसाखरेच्या च्युइंगगमची जास्त धास्ती वाटते. त्यातलं झायलिटॉल हे साखरेऐवजी घातलेलं गोड द्रव्य कुत्र्याच्या पोटात गेलं की त्याचं शरीर ती साखर समजून भरमसाट इन्सुलिन सोडतं. किलोमागे ०.१ ग्रॅम पुरतं. काही गमच्या एका तुकड्यात एक ग्रॅमपर्यंत झायलिटॉल असतं, तेव्हा दहा किलोच्या कुत्र्याला तो एकच तुकडा पुरला. अर्ध्या-एक तासात तो लडखडतो, पडतो. किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होऊ शकतं. लेबलवर हेच कधी ‘बर्च शुगर’ या निरुपद्रवी नावाने येतं. काही पीनट बटरांतही असतं, म्हणून ती यादी वाचायची.

तिसरं विष आपल्याच डब्यात असतं. हॅलोवीनला काही घरं ‘पौष्टिक’ म्हणून मनुकांच्या छोट्या डब्या वाटतात, आणि त्याच दिवसांत मराठी घरात फराळ झालेला असतो. २०२४ साली अमेरिकेत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच आलं. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला, म्हणजे हॅलोवीननंतर आठवड्याने आहे. चिवड्यातल्या मनुका, रव्याच्या आणि बेसनाच्या लाडवातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. कारण बहुधा त्यांतलं टार्टारिक आम्ल. अमुक इतके चालतील असा सुरक्षित आकडा कुणी सांगू शकत नाही. एक कुत्रा मूठभर खाऊन नीट राहतो, दुसरा चार-पाचांत आजारी पडतो. आजीने प्रेमाने भरवलेला अर्धा लाडूही डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे, आणि आजीला हे आधी नीट, मान राखून समजावणं हे घरातल्यांचं काम.

खाल्ल्याचं कळलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची, हा आपल्याकडचा जुना हिशोब. कुत्र्या-मांजराला तो कधीच लावू नये. मिठानेच रक्तातलं सोडियम वाढून मेंदूवर सूज येते, झटके येतात. हायड्रोजन पेरॉक्साइडसुद्धा फोनवर डॉक्टरांनी सांगितलं तरच, तेही तीन टक्क्यांचंच, आणि मांजराला कधीच नाही. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका मोठा, त्यांना थेट दवाखान्यात न्यावं. अमेरिकेत चोवीस तास चालणारे दोन क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवावेत: एएसपीसीए या प्राणिसंस्थेचं विषनियंत्रण केंद्र, ८८८-४२६-४४३५, आणि पेट पॉयझन हेल्पलाइन, ८५५-७६४-७६६१. दोन्हीकडे सल्ल्याचे पैसे पडू शकतात. जवळचा रात्रीचा दवाखाना कोणता आणि तिथे पोचायला किती मिनिटं लागतात, हेही त्याच कागदावर.

सजावटीतल्या बारीकसारीक गोष्टी पटकन सांगतो. भोपळ्यात किंवा पणतीत खरी ज्योत ठेवायची असेल तर ती शेपटीच्या झोताबाहेर हवी. बॅटरीचे दिवे वापरलेत तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं घ्यावं, कारण गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत काही तासांत भोक पाडू शकतो. चकाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या कांड्या मांजरं चावून फोडतात. आतला द्रव कमालीचा कडू, लाळेचा फेस येतो, घरातले घाबरतात. जीवाला धोका सहसा नसतो. तोंड ओल्या फडक्याने पुसावं, थोडं ट्यूनाचं पाणी चाटवावं, मग मांजराला अंधाऱ्या खोलीत न्यावं. अंगावर जिथे चमकतं तिथे धुवावं, नाहीतर ती चाटून पुन्हा फेस काढेल. खोट्या कोळिष्टकांचा दोरा मात्र गंभीर. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नये. आतडं कापलं जातं. तसंच दवाखान्यात.

कुत्र्याला सोंग चढवण्याबद्दल माझं मत फारसं मऊ नाही. सोंग फोटोपुरतं असावं, आणि कुत्रा जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत असेल किंवा पुतळ्यासारखा थिजला असेल तर फोटोपुरतंही नको. थिजलेल्या कुत्र्याला लोक ‘किती शहाणा उभा राहिलाय’ म्हणतात. घरातल्या मुलांनी मुखवटा कुत्र्यासमोरच चढवावा, आधी तो हुंगू द्यावा, आणि चढवल्यावर नेहमीच्या आवाजात त्याच्याशी बोलावं.

इतकं करूनही दार कधीतरी उघडं राहतं. त्या क्षणासाठी गळपट्ट्यावर वाचता येईल असा फोन नंबर हवा. मांजराचा पट्टा ओढ बसताच सुटणारा हवा. कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप म्हणजे जीपीएस नव्हे. तिच्यात पंधरा आकड्यांचा एक क्रमांक असतो, बस. तो क्रमांक नोंदणीत कुणाच्या नावावर, कोणत्या फोनवर आहे, त्यावर सगळं अवलंबून. नोकरीपायी टेक्सासहून न्यू जर्सीला आलेल्या घरांत चिप अजून जुन्या पत्त्यावर असते. ऑक्टोबरातच लॉगिन करून नंबर बदलावा, आणि डॉक्टरांकडे गेलात की स्कॅनर फिरवून चिप वाचली जाते का ते पाहून घ्यावं.

पळालाच तर मागे धावू नये. धावणारं माणूस त्याला आणखी एक सोंग वाटतं. खाली बसावं, पाठ थोडी वळवावी, मराठीतच, रोजच्या लाडाच्या नावाने, हळू बोलावं, हातात वासाचं खाणं. मांजर बहुतेकदा दोन-चार घरांच्या आतच असते, डेकखाली किंवा गाडीखाली, आणि हाकेला ओ देत नाही. रात्री अकरानंतर, गल्ली शांत झाल्यावर, टॉर्च डोळ्यांच्या पातळीला धरून जमिनीलगत फिरवावा. ती दिसत नाही, तिचे डोळे चमकतात.

आणि १ नोव्हेंबरची सकाळ. मुलं झोपलेली असतात, बादल्या त्यांच्या खोलीत जमिनीवर असतात. मुलं उठायच्या आत त्या झाकणाच्या डब्यात रिकाम्या करून वरच्या कपाटात ठेवाव्यात. चेनच्या दप्तराचा भरवसा नको, लॅब्रडॉर चेन उघडतो. बाहेर फुटपाथवर, गवतात, पानांच्या ढिगात सांडलेल्या गोळ्या आणि कागद असतात. पट्टा नेहमीपेक्षा आखूड धरावा, खिशात कोंबडीचे तुकडे घ्यावेत आणि त्याने नाक खाली घातलं की ‘सोड’ म्हणून लगेच तुकडा द्यावा. आणखी तीन-चार दिवस, पानं झाडून होईपर्यंत, याच पट्ट्यावर.